अंगणातल्या दोन खुर्च्या : अलीकडचे लॅटिन अल्बम

रानवारा (मूळ धागा)

नमस्कार मंडळी,

दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे केळीची झाडं, माणूस एकही नाही. आपल्याकडे कुठल्याही मांडवाबाहेर दिसावं असं हे चित्र बॅड बनी या पुएर्तोरिकन गायकाच्या 'देबी तिरार मास फोतोस' या अल्बमचं मुखपृष्ठ आहे. नावाचा अर्थ 'अजून फोटो काढायला हवे होते'. अल्बम आला ५ जानेवारी २०२५ ला, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या पुएर्तो रिको बेटावर घरोघरी साजऱ्या होणाऱ्या तीन राजांच्या सणाच्या आदल्या दिवशी. फेब्रुवारी २०२६ मध्ये त्याला ग्रॅमीत 'वर्षातला सर्वोत्तम अल्बम' हा मान मिळाला. पूर्ण स्पॅनिश अल्बमला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ.

मी सहा वर्षांपासून स्पॅनिश शिकते आहे आणि ही भाषा मला व्याकरणापेक्षा गाण्यांनी जास्त शिकवली. इतक्या दिवसांत एक गोष्ट वारंवार जाणवली. लॅटिन संगीतातले मोठमोठे तरुण गायक आजी-आजोबांच्या काळातली वाद्यं आणि ठेके पुन्हा बाहेर काढताहेत. ऐकताना मी प्रत्येक अल्बमला एकच प्रश्न विचारते: हे जुनं वाद्य घरात राहायला आलंय, की दिवाणखान्यात शोभेला ठेवलंय? या धाग्यात त्याच अंगाने लिहिते आहे.

बॅड बनीच्या अल्बमात वाद्यं राहायला आलीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पहिलंच गाणं 'नुएवायोल' एल ग्रान कोम्बो या साल्सा बँडच्या १९७५ च्या गाण्याच्या तुकड्याने सुरू होतं आणि मग ठेका थेट डेम्बोवर, म्हणजे आजच्या रेगेटॉन नाचगाण्यांच्या ठेक्यावर, उडी मारतो. न्यूयॉर्कला स्थलांतर केलेल्या पुएर्तोरिकन माणसांच्या दोन पिढ्या त्या एका उडीत भेटतात. 'बाइले इनोल्विदाब्ले' सहा मिनिटांचं आहे. सुरुवातीला सिंथेसायझरचा संथ, उदास सूर. वाटतं, हे असंच रेंगाळत संपणार. आणि मग अचानक ब्रास, पियानो, कोंगा सगळे एकदम दार उघडून आत येतात. हा साल्सा वाजवलाय बेटाच्या राजधानीतल्या, सान हुआनच्या सरकारी संगीतशाळेतल्या, एस्कुएला लिब्रे दे मुसिकातल्या, विद्यार्थ्यांनी. जगातल्या सर्वांत जास्त ऐकल्या जाणाऱ्या गायकांपैकी एकाने नामवंत वादक सोडून शाळेतल्या मुलांना बोलावलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

'काफे कोन रोन'मध्ये लोस प्लेनेरोस दे ला क्रेस्ता हा प्लेना वाजवणारा गट आहे. प्लेना हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेकडच्या पोन्से शहरात बहरलेला प्रकार. पांदेरेता नावाची डफासारखी वाद्यं, तीन आकारांची: दोन ठेका धरून ठेवतात, तिसरं, सगळ्यांत लहान, वरून बडबड करत राहतं. गल्लीतल्या घडामोडी गाण्यातून सांगायच्या म्हणून प्लेनाला 'गायलेलं वर्तमानपत्र' म्हणत. अल्बमचं शीर्षकगीतही प्लेनाच्याच अंगाने जातं.

सगळ्यांत जास्त वेळा मी ऐकलं ते 'लो के ले पासो आ हवाई', म्हणजे 'हवाईचं जे झालं ते'. १८९८ मध्ये स्पेनकडून अमेरिकेकडे गेलेलं पुएर्तो रिको आजही ना राज्य, ना देश. हवाई १९५९ मध्ये अमेरिकेचं राज्य झालं. बाहेरून आलेले लोक नदी मागतात, किनारा मागतात, आणि आजीने निघून जावं असं त्यांना वाटतं, अशी गाण्याची तक्रार आहे. तो सांगतो की झेंडा सोडू नका आणि 'लेलोलाय' विसरू नका. लेलोलाय म्हणजे डोंगराळ भागातल्या खीबारो शेतकऱ्यांच्या गाण्यातली निरर्थक पण हवीहवीशी अक्षरं, आपल्याकडच्या 'जी रं जी जी'सारखी. हे कळलं त्या दिवशी मी गाणं थांबवून नुसती बसून राहिले. भाषणात कुणी 'संस्कृती जपा' म्हणतं तेव्हा ते कानावरून जातं. इथे दोन अक्षरं जपायला सांगितली आहेत.

एक सांगून ठेवते: मधली बरीच गाणी उघड शृंगारिक आहेत, भाषा शिवराळ आहे. मुलांसोबत गाडीत लावू नका.

आता नातालिया लाफुर्काद. 'दे तोदास लास फ्लोरेस', २०२२. मेक्सिकोतल्या वेराक्रूस प्रांताशी घट्ट नातं असलेली ही गायिका. तिकडच्या सोन हारोचो संगीताचं दस्तऐवज केंद्र २०१७ च्या भूकंपात मोडलं, ते पुन्हा उभं करण्यासाठी तिने २०२० मध्ये एक अख्खा अल्बम केला होता. म्हणजे जुन्या संगीताशी तिचा व्यवहार विटा-सिमेंटचा आहे. 'दे तोदास लास फ्लोरेस' मात्र तिची स्वतःची गाणी, सात वर्षांनी. सगळे वादक एका जागी बसून, टेपवर ध्वनिमुद्रण. गिटारवर मार्क रिबो आहे, आणि तो जिथे थांबतो त्या जागा ऐकण्यासारख्या आहेत. 'मुएर्ते' या गाण्यात ती मृत्यूचे आभार मानते, आणि शेवटचं गाणं गेलेल्या भाच्यासाठी आहे. हा अल्बम रात्री, एकटीने, हेडफोन न लावता ऐकावा असं मला वाटतं. खोलीतल्या हवेची त्याला गरज आहे.

पेसो प्लुमा या मेक्सिकन गायकाचा 'हेनेसिस' (२०२३) मी तीनदा अर्धवट सोडला. आवाज घोगरा, नाकातून येणारा. चौथ्यांदा मी गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त वाद्यं ऐकली: बारा तारांची रेकिंतो गिटार, ट्रॉम्बोन, चार्चेता नावाचं पितळी वाद्य, आणि खाली तोलोलोचे, म्हणजे उभा मोठा बास. ड्रम नाहीतच. सगळा नाच तारा आणि पितळेवर. तेव्हा कळलं की मुलं का वेडी झाली. पण शब्द? टोळ्या, बंदुका, महागडी घड्याळं. याबद्दल मला तुमचं मत हवंय.

पुएर्तो रिकोच्याच राउ आलेहांद्रोच्या 'कोसा नुएस्त्रा'चं (२०२४) नाव विली कोलोन आणि एक्तोर लावो या साल्सा जोडीच्या गाजलेल्या अल्बमवरून घेतलंय. सूट, टोपी, जुन्या न्यूयॉर्कचा रुबाब. फ्रँकी रुईसचं 'तू कोन एल' त्याने खरंच जीव लावून गायलंय. पण बाकीच्या अल्बमात तो साल्सा सापडत नाही. शोभेचं वाद्य म्हणतात ते हे.

हुआन लुईस गेर्राचा 'रादियो ग्विरा' (२०२४) फक्त सहा गाण्यांचा, एका काल्पनिक रेडिओ केंद्राच्या रूपात बांधलेला. ग्विरा म्हणजे मेरेंगे या डोमिनिकन नाचगाण्यातलं धातूचं खरवडवाद्य. त्याला जुनं-नवं करावंच लागत नाही, तो त्या घरात पहिल्यापासून राहतो.

तुम्ही काय ऐकताय ते लिहा.

चाफेकळी

वाचनखूण साठवली. खुर्च्यांचं वर्णन वाचून लगेच चित्र शोधलं. आमच्या वाड्याच्या अंगणात अगदी अशाच दोन होत्या. आजोबा गेल्यावर एक रिकामीच असायची.

लग्गी

रानवाराताई, उत्तम धागा. मी तबला शिकवतो, त्यामुळे माझं बोलणं ठेक्यापुरतं.

साल्सा ऐकताना आपला हिंदुस्थानी कान एका जागी अडखळतो आणि ती जागा नेमकी कुठली हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. १६ मात्रा मोजा आणि १, ४, ७, ११, १३ या मात्रांवर टाळी द्या. ही क्लावे. पहिल्या अर्ध्यात तीन टाळ्या, दुसऱ्या अर्ध्यात दोन. लाकडाचे दोन दांडके एवढंच वाद्य, पण सगळा वाद्यवृंद त्याच्या हुकमात. बऱ्याच गाण्यांत ते दांडके प्रत्यक्ष वाजतही नाहीत, तरी प्रत्येक वादकाच्या मनात ते चालू असतात. गायकाची ओळ क्लावेच्या चुकीच्या बाजूला पडली तर ते 'क्रुसादो' म्हणतात, आडवं गेलेलं.

आता गंमत. आपण समेची वाट पाहतो. साल्सात बास समेवर येतच नाही, तो तिच्या आधीच येऊन पुढे निघालेला असतो. म्हणून आपल्याला सारखं पुढे ढकलल्यासारखं वाटतं, आणि नाचणाऱ्याला पाऊल उचलावंच लागतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो की सम चुकली असं समजू नका, ती मोकळी ठेवलेली आहे.

रेगेटॉनचा डेम्बो त्यापेक्षा सोपा. आठ मात्रांत ३+३+२. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा चालू ठेवून १, ४, ७ वर टाळी देऊन बघा, लगेच बसेल. नाव आलं जमैकाच्या शबा रँक्सच्या एका गाण्यावरून. जमैकात जन्म, पनामात स्पॅनिश शब्द, पुएर्तो रिकोत तारुण्य असा या ठेक्याचा प्रवास. १९९५ मध्ये पुएर्तो रिकोत पोलिसांनी दुकानांवर छापे घालून याच संगीताच्या कॅसेटी जप्त केल्या होत्या. आज त्याच बेटावरच्या गायकाला ग्रॅमीचा सर्वोच्च मान. वाटेत तीस वर्षं गेली.

डफतुणतुणे

पेसो प्लुमाबद्दल लिहितो. तो गातो ते कोर्रिदो, म्हणजे मेक्सिकोची कथागीतं, आणि त्यांची गोष्ट आपल्या पोवाड्याला इतकी जवळची आहे की अंगावर काटा येतो. मेक्सिकोच्या क्रांतीत, १९१० नंतरच्या दशकात, लढायांच्या बातम्या कोर्रिदोतून गावोगाव जात. सुरुवातीला साल आणि ठिकाण, मग नायक, मग प्रसंग, शेवटी 'देस्पेदिदा', म्हणजे निरोप. आपला शाहीर शेवटी स्वतःचं नाव गुंफतो, तसंच काहीसं. आठ अक्षरांच्या ओळी, चार ओळींचं कडवं.

प्रश्न नायकाचा आहे. शाहिराला नायक कोण निवडून देतं? त्याचा आश्रयदाता, त्याचा श्रोता, त्याचं पोट. आज मेक्सिकोच्या उत्तर भागात पैसा आणि दहशत टोळ्यांकडे असेल तर कोर्रिदो त्यांचे होणार. २०२३ च्या सप्टेंबरात पेसो प्लुमाला तिहुआनात जाहीर धमकीचे फलक लावले गेले, त्याने तिथला कार्यक्रम रद्द केला. नोव्हेंबरात त्या शहराने नार्कोकोर्रिदो, म्हणजे अमली पदार्थांच्या टोळ्यांवरचे कोर्रिदो, जाहीर वाजवण्यावरच बंदी घातली. मला बंदी पटत नाही. गाणं बंद केल्याने माणूस मरायचा थांबत नाही. पण गाणाऱ्याने कुणाची बाजू घेतली हे विचारायचा हक्क श्रोत्याला आहेच, आणि 'हेनेसिस'मध्ये त्या प्रश्नाला मला उत्तर मिळालं नाही.

एल_पासोकर

इथे टेक्सासातल्या एल पासो शहरात राहून अकरा वर्षं झाली म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे, रानवारा, तुम्ही ज्या अल्बमबद्दल लिहिलंत तो लाफुर्कादचा अल्बम आमच्या शेजारी मुद्रित झालाय! तोर्निय्यो हे गाव एल पासोपासून गाडीने थोड्याच अंतरावर, मेक्सिकोच्या सीमेला चिकटून. पिकानच्या बागांच्या मधोमध सॉनिक रँच नावाचा स्टुडिओ आहे, वादक तिथेच राहतात आणि काम करतात. त्या बागांमधून संध्याकाळी गेलं की झाडांच्या रांगांखेरीज काही दिसत नाही, आवाज नाही. तुम्ही खोलीतल्या हवेबद्दल लिहिलंत, ती हवा मला माहीत आहे.

आता कोर्रिदो. आमच्या गल्लीत शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या परसात कार्यक्रम असतो. मुलीचा पंधरावा वाढदिवस हा त्यांच्याकडे लग्नाइतका मोठा. तोलोलोचेवाला मुलगा जेमतेम अठराचा असतो आणि तो तारा नुसता छेडत नाही, थापटतो. बास आणि ढोल दोन्ही तोच. माझा चौदा वर्षांचा मुलगा त्याच्यापाशी उभा राहून बघत असतो. शेजारच्या बाई, ज्यांना आम्ही सगळे दोन्या म्हणतो, त्यांनी एकदा वाजवणाऱ्यांना स्पष्ट सांगितलं की माझ्या अंगणात टोळ्यांचं गाणं नको, प्रेमाचं म्हणा. पोरांनी तोच ठेका, तीच वाद्यं धरून प्रेमाचं गायलं आणि कुणाचंही काही अडलं नाही. म्हणून डफतुणतुणेंच्या मुद्द्यात एवढी भर घालते की हा वाद तिकडच्या घराघरांत रोज चालू आहे. आणि तो उलट बाजूनेही पेटतो: २०२५ च्या एप्रिलमध्ये तेस्कोकोच्या जत्रेत लुईस आर. कोन्रिकेस या गायकाने नार्कोकोर्रिदो गायला नकार दिला, तर प्रेक्षकांनी मंचावर चढून वाद्यं मोडली.

विसूभाऊ

रोसालियाच्या 'लुक्स'चं नाव कसं नाही? नोव्हेंबर २०२५, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, तेरा भाषा, संत स्त्रियांच्या चरित्रांवरून सुचलेली गाणी. माझ्या मते त्या वर्षातली सर्वांत मोठी झेप.

रानवारा

विसूभाऊ, मुद्दाम ठेवलं नव्हतं. रोसालिया बार्सिलोनाजवळची, फ्लामेंको हे स्पेनचं पारंपरिक गाणं शिकलेली. तिला 'लॅटिन' म्हणावं का यावर लॅटिन अमेरिकेत खूप कडवट चर्चा झालीय, आणि मला ती कडवट बाजू समजते. ज्या देशाने वसाहत केली तिथली गायिका वसाहतीतल्या ठेक्यांवर 'लॅटिन' पुरस्कार घेते, हे एखाद्या डोमिनिकन बाचाता गायकाला खुपणारच. बाचाताला त्याच्याच देशात कित्येक वर्षं बारमधलं हलकं गाणं म्हणून हिणवलं गेलं, रेडिओवर जागा नव्हती. २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं.

अल्बम म्हणून बोलायचं तर 'लुक्स'चा पहिला अर्धा भाग मला विलक्षण वाटला. 'बेर्गहाइन'मधले व्हायोलिन ऐकताना श्वास धरला जातो. पण तेरा भाषांपैकी काही भाषा एक-दोन ओळींपुरत्या येऊन जातात. माझ्याच कसोटीवर त्या शोभेच्या. 'एल माल केरेर' (२०१८) मला आजही जास्त भिडतो. तेराव्या शतकातल्या एका कादंबरीचा धागा, फ्लामेंकोच्या टाळ्या, आणि एकही वाया गेलेला क्षण नाही.

मांडवीकाठ

रानवारा, 'लुक्स'मधल्या पोर्तुगीज गाण्याला शोभेचं म्हणू नका हां. तिथे रोसालियासोबत कार्मिन्यो आहे, फादो हे पोर्तुगालचं पारंपरिक गाणं गाणारी लिस्बनची गायिका. ते गाणं मी पणजीत माझ्या आजीला ऐकवलं. आजी १९६१ च्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकलेली. शब्द तिने लगेच पकडले आणि म्हणाली, ही बाई आपल्या घरातली भाषा बोलते, दुसरी पाहुणी आहे. तुमची कसोटी तिला माहीत नसताना तिने तीच लावली. गोव्यात फादो अजून जिवंत आहे, सोनिया शिरसाट गातात, जमलं तर प्रत्यक्ष ऐका.

या धाग्यावर ब्राझील आलंच नाही म्हणून मी आणतो. लिनिकेर, अल्बम 'काजू', २०२४. हो, आपलाच काजू! झाड ब्राझीलचं, नाव तिथल्या तुपी भाषेतलं, पोर्तुगिजांबरोबर दोन्ही गोव्यात उतरली आणि पुढे मराठीत रुळली. लिनिकेर ही लॅटिन ग्रॅमी मिळवणारी पहिली ट्रान्स गायिका, तो मान २०२२ चा. 'काजू'मध्ये सोल आहे, सांबा आहे, मोठा वाद्यमेळ आहे, आणि गाणी घाई करत नाहीत. आजकाल दोन मिनिटांत गाणं उरकायची पद्धत असताना ही बाई शेवटची ओळ पुन्हा पुन्हा म्हणते, दर वेळी वेगळी. ठुमरी आवडणाऱ्यांनी नक्की ऐकावी.

आणि लग्गी सरांना: लॅटिन ठेका आपल्या कानाला नवा नाही. हळदोण्याचे चिक चॉकलेट मुंबईच्या हॉटेलांत ट्रंपेट वाजवत, सी. रामचंद्रांचे साहाय्यक झाले, आणि १९५१ च्या 'अलबेला'त त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. बाँगोच्या त्या थापेवर आपले आजी-आजोबा डुलले आहेत. पुणतांब्याचा मराठी संगीतकार आणि गोव्याचा ट्रंपेटवाला यांनी क्युबाचा ठेका घराघरांत नेला.

रानवारा

मांडवीकाठ, कार्मिन्योबद्दल चूक मान्य. तुमच्या आजींना नमस्कार सांगा. त्यांचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

चाफेकळी

मला स्पॅनिशचा एक शब्द येत नाही. तरी कुठून सुरू करू?

रानवारा

चाफेकळी, शब्द नको असतील तर सिल्वाना एस्त्रादाचा 'मार्चिता' (२०२२) लाव. नावाचा अर्थ 'कोमेजलेली'. आई-वडील वाद्यं घडवणारे, घर वेराक्रूसमधल्या कोआतेपेकचं, कॉफीच्या मळ्यांचं गाव. हातात चार तारांचं व्हेनेझुएलाचं कुआत्रो. बहुतेक वेळ फक्त आवाज आणि ते वाद्य. २०२२ मध्ये तिला लॅटिन ग्रॅमीचा नवोदिताचा पुरस्कार विभागून मिळाला, आणि सोबतची दुसरी नवोदित गायिका होती ९५ वर्षांची आन्हेला आल्वारेस. पहिलं वाक्य कळलं नाही तरी दुसऱ्या गाण्यापर्यंत तुला कुणाचा तरी चेहरा आठवेल.

शब्द हवे असतील तर बॅड बनीच्या अल्बमच्या गाण्यांसोबत यूट्यूबवर जे साधे व्हिडिओ आहेत ते उघड. त्यांत नाच नाही, नट नाहीत, फक्त पुएर्तो रिकोच्या इतिहासाचा मजकूर, होरेल मेलेंदेस-बादिय्यो या इतिहासकाराने लिहिलेला. १९४८ च्या कायद्याने झेंडा बाळगणंही गुन्हा ठरला होता, अशा गोष्टी त्यातून कळतात. मी स्पॅनिश वाचायला शिकले त्यातला बराच भाग तिथेच.

एल_पासोकर

एक राहिलं. २०२५ च्या उन्हाळ्यात बॅड बनीने सान हुआनमध्ये तीस कार्यक्रमांची मालिका केली, त्यातले पहिले नऊ फक्त बेटावर राहणाऱ्यांसाठी राखीव होते. माझी पुएर्तोरिकन सहकारी इथे टेक्सासात राहते, म्हणून तिला त्या नवांचं तिकीट मिळेना. चिडली असेल असं वाटलं होतं. तिने आईला पाठवलं. आईने तिथून पाठवलेल्या फोटोत मंच दिसतच नाही, सगळ्या शेजारणी दिसतात.

लग्गी

काल वर्गात 'बाइले इनोल्विदाब्ले' लावलं. आठ मुलं, सगळ्यांना क्लावेच्या पाच टाळ्या द्यायला सांगितल्या. संथ भागात सगळी बरोबर होती. ब्रास आल्यावर सात जण सुटले. एक मुलगी, दहा वर्षांची, डोळे मिटून शेवटपर्यंत देत राहिली. विचारलं कसं जमलं, तर म्हणाली, सर, मी समेकडे बघितलंच नाही.

पुढच्या आठवड्यात प्लेना घेतोय. पांदेरेता नाही, पण वर्गात दोन डफ आणि एक दिमडी आहे. डफ ठेका धरतील, बडबड दिमडीला देतो.